भिंगरीला साखळी नको, कासरा लावा

वाचकाचं पत्र

ताई, आठ महिन्यांपूर्वी आम्ही नोकऱ्या सोडून गावात राहायला आलो. आल्या आल्याच दोन महिन्यांचं कुत्रीचं पिल्लू घरी आणलं. सारखी गोल गोल फिरायची, म्हणून नाव ठेवलं भिंगरी. उन्हाळ्यात एका हाकेला धावत यायची. पण गेल्या दीड महिन्यात पिकं निघायला लागली, रान मोकळं झालं आणि ती बदलली. हाक मारली की थांबते, माझ्याकडे बघते आणि उलट्या दिशेला पळते. गेल्या आठवड्यात ती शेजारच्या काकांच्या शेळ्यांमागे लागली. चावली नाही, पण एक शेळी तारेच्या कुंपणात अडकली आणि तिच्या मांडीला जखम झाली. काका एवढंच म्हणाले, "पुन्हा असं झालं तर मी गप्प बसणार नाही." ह्यांचं म्हणणं, साखळी आणून बांधू. सासूबाई म्हणतात, देऊन टाका कुणाला तरी, गावात वैर नको. त्यात आता अंधार लवकर पडतो. रात्री ती तास-दोन तास भुंकत असते. शेळ्यांच्या प्रकारानंतर रागाच्या भरात मी तिला मारलं. त्यानंतर ती माझ्याजवळ यायला बिचकते. माझं कुठे चुकलं?

सल्ला

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. कुठे चुकलं ते पुढे बोलूच. आधी एक काम सांगते. ते आज संध्याकाळीच करायचं आहे आणि ते काकांकडचं आहे.

तुम्ही दोघं मिळून त्यांच्या घरी जा. भिंगरीला नेऊ नका. फोन करू नका, कुणाच्या हाती निरोपही धाडू नका. शेळी कशी आहे ते विचारा, गोठ्यात जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तारेची जखम वरून सुकलेली दिसली तरी शेळ्यामेंढ्यांना धनुर्वाताचा धोका असतो. म्हणून जनावरांच्या डॉक्टरांना आमच्या खर्चाने बोलावतो, असं तुम्ही होऊन म्हणा. ते नको म्हणाले तरी एकदा आग्रह करा. कळपात कुणी गाभण आहे का तेही विचारा. जिथे ऋतूंमधला फरक मोठा असतो तिथे दिवस लहान होऊ लागले की शेळ्यामेंढ्या माजावर येतात आणि शरदाच्या शेवटी कळपातल्या बऱ्याच जणी गाभण असतात. अशी शेळी दमछाक होईपर्यंत पळवली गेली तर दात न लागताही गाभडू शकते. काकांचा राग एका खरचटलेल्या मांडीचा नाही, पुढच्या वर्षाच्या करडांचा आहे. हे तुम्हाला कळलंय एवढं त्यांना दिसलं, तर पुढचं बोलणं फार सोपं जाईल.

जाताना भिंगरीच्या लसीचं कार्ड बरोबर ठेवा. कुत्रा जनावरांमागे लागला की माणसांच्या मनात पिसाळण्याची भीती येतेच, आणि ती भीती खोटी नाही. माणसाला होणाऱ्या रेबीजच्या जवळपास सगळ्या प्रकरणांत, म्हणजे ९९ टक्क्यांपर्यंत, तो कुत्र्यामुळेच झालेला असतो. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा लस टोचली, तोही कुत्राच चावलेला मुलगा होता. पाश्चर यांचं निधन २८ सप्टेंबरला झालं आणि त्याच तारखेला दरवर्षी जागतिक रेबीज दिन पाळतात. कार्डावरची तारीख बघून घ्या. पहिली लस साधारण तिसऱ्या महिन्यात होते आणि पुढची वर्षभराने, म्हणजे तुमची पाळी अजून यायची असेल. लेप्टोस्पायरोसिसची लस झाली आहे का तेही बघा. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून तो रोग पसरतो, माणसालाही होतो, आणि तुमची भिंगरी डबक्यातलं पाणी प्यायल्याशिवाय राहत असेल असं मला वाटत नाही.

शेवटी काकांना शेळ्या चरायला नेण्याची वेळ आणि वाट विचारा आणि सांगा, "इथून पुढे ती दोरीशिवाय तुमच्या नजरेस पडणार नाही." हा शब्द पाळायचा आहे. बाकीचा सगळा सल्ला त्याच्यावर उभा आहे.

आता भिंगरी. उन्हाळ्यात ऐकणारी कुत्री शरदात ऐकेनाशी झाली, कारण मधल्या काळात ती वयात आली. कुत्र्याची ही अर्धवट वयाची वर्षं साधारण सहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत चालतात, मोठ्या जातींत थोडी जास्तच. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या लूसी ॲशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अंधांना वाट दाखवण्यासाठी तयार होणारी पिल्लं त्यांनी पाचव्या आणि आठव्या महिन्यात तपासली. आठव्या महिन्यातली पिल्लं "बस" म्हटल्यावर सांभाळणाऱ्या माणसाचं आधीपेक्षा कमी ऐकत होती. परक्याने तेच सांगितलं तर मात्र ऐकण्यात अशी घसरण नव्हती! म्हणजे शिकवलेलं ती विसरली नव्हती. सगळ्यात जवळच्या माणसाशीच त्यांची ओढाताण चालली होती, आपल्याकडची वयातली मुलं घरात करतात तशी. आणि बाराव्या महिन्यापर्यंत गाडी पुन्हा रुळावर आलेली दिसली.

मला त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ज्या पिल्लांना सांभाळणाऱ्या माणसाबद्दल खात्री कमी होती, ताटातूट झाली की जी फार अस्वस्थ व्हायची, त्यांच्यात हा हट्ट अधिक होता. म्हणून या वयात मार देणं उलटं बसतं. तुम्ही मारलंत तेव्हा ती शेळ्यांपासून परत आली होती, होय ना? तिच्या हिशोबी मार शेळ्यांमागे धावण्याचा नव्हता, तुमच्याजवळ येण्याचा होता. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, चूक झाली ती इथे. ती दुरुस्त होते. दोन आठवडे तिला वरून हात लावायला जाऊ नका, ती आपण होऊन येईल तेव्हा बाजूने, छातीपाशी खाजवा. अंगणात जमिनीवर बसून काही निवडत, वाचत राहा. जवळ आली की एक तुकडा द्या आणि पुन्हा आपल्या कामाला लागा. धरून ठेवू नका. कुत्री माफ करतात असं म्हणायला मला आवडत नाही, कारण त्यांच्या मनातलं आपल्याला ठाऊक नाही, पण हात पुन्हा पुन्हा चांगलंच घेऊन आला तर त्यांचं अंग सैल पडतं हे मी अनेकदा पाहिलं आहे.

या वयाला शरदाची साथ मिळाली. उभ्या पिकात तिला दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं. काढणी झाली आणि एकाएकी क्षितिजापर्यंत रान मोकळं झालं. धसकटांत उंदीर पळतायत, सांडलेल्या दाण्यांवर पाखरं उतरतायत, बांधापलीकडे शेळ्या हलतायत. सकाळी दव असतं, जमीन ओलसर असते, हवा गार आणि संथ असते, त्यामुळे वास जमिनीलगत रेंगाळतो. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात जातीप्रमाणे वीस ते तीस कोटींच्या घरात. तुम्हाला ओल्या मातीचा एक वास येतो, तेव्हा तिला रात्रभरात तिथून कोण कोण गेलं त्याची यादी मिळत असते. अशा वेळी मागून आलेली तुमची हाक ही तिच्यासाठी अनेक गोष्टींतली एक गोष्ट असते, आणि त्यातली सर्वांत मजेची खासच नसते.

त्यातून पाठलाग हे स्वतःच बक्षीस आहे, ही मोठी अडचण. दिसणं, रोखून बघणं, दबकत जाणं, धावणं, पकडणं अशी शिकारीची साखळी प्रत्येक कुत्र्यात कमीअधिक असते. मेंढपाळांच्या कुत्र्यांत माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून पहिले टप्पे ठळक केले आणि शेवटचे बोथट केले. भिंगरी धावली आणि चावली नाही, याचा अर्थ ती आज धावण्यापाशी थांबली. उद्याही तिथेच थांबेल याची हमी कुणी देऊ नये. जितक्या वेळा धावेल तितकं ते पक्कं होत जाईल. म्हणून पहिला नियम असा की पुढचा महिनाभर तिला पाठलागाची एकही संधी मिळता कामा नये.

इथे तुमचे यजमान म्हणतील, मग मी साखळीचंच तर सांगत होतो.

मी त्यांना माझी गोष्ट सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे तांबड्या रंगाचा एक कुत्रा होता. असेच सुगीचे दिवस होते, त्याने शेजारच्या दोन कोंबड्या मारल्या. मला मान वर करायला जागा उरली नाही. मी त्याला परसातल्या झाडाला साखळीने बांधलं. महिनाभर बांधायचं ठरवलं होतं, पण बांधलेला कुत्रा कुणाला त्रास देत नाही, आणि म्हणून त्याला सोडायची घाईही कुणाला होत नाही. महिन्याचं वर्ष झालं. झाडाभोवती चालून चालून त्याने जमीन उघडी पाडली, गवताचं पातं उगवेना. येणाऱ्याजाणाऱ्याचे हात चाटणारा कुत्रा साखळी ताणून अंगावर येऊ लागला. माझी लहान भाची चेंडू आणायला त्या वर्तुळात शिरली आणि तिच्या मनगटाला तो चावला. चूक तिची नव्हती आणि त्याचीही नव्हती. पळून जायची वाट नसलेलं जनावर पुढे येणाऱ्याला अडवतं, त्याने तेच केलं. आजही भाचीच्या मनगटावरचा व्रण दिसला की मला ती साखळी आठवते.

म्हणून साखळीऐवजी कासरा घ्या. बैलाचा असतो तसाच, पण हलका. आठ ते दहा मीटर लांब, चपटा, हाताला न कापणारा. तो गळपट्ट्याला बांधू नका. लांब दोरीच्या टोकाला धावत गेली तर मानेला जबर हिसका बसतो. छातीभोवतीचा पट्टा घ्या, ज्याला हार्नेस म्हणतात, आणि पाठीवरच्या कडीत दोर अडकवा. बटण दाबून आत-बाहेर होणारी दोरी नको, तिने बोटं कापतात आणि कुत्र्याला ओढत राहायची सवय लागते. हातात जाड मोजे घाला. दोर हाताला गुंडाळायचा नाही, तळहातातून सरकू द्यायचा. साखळी आणि कासऱ्यात मला जो फरक दिसतो तो लांबीचा नाही. साखळीचं दुसरं टोक खुंटाला असतं, कासऱ्याचं माणसाच्या हातात. कासऱ्याला बांधलेली कुत्री एकटी नसते.

दिवसातून दोनदा, पाऊण-पाऊण तास तिला अशी रानात न्या. काकांच्या वाटेवर नको. आणि चालायची घाई करू नका. ती हुंगत असेल तिथे थांबा, पाच मिनिटं थांबावं लागलं तरी थांबा. आपण माणसं कुत्र्याला फिरवायला म्हणून अंतर मोजत जातो, तिला अंतराशी देणंघेणं नसतं. हुंगण्याचे खेळ दोन आठवडे खेळलेली कुत्री नव्या गोष्टीकडे अधिक आशेने बघू लागतात, असं २०१९ च्या एका प्रयोगात दिसलं होतं. घरी तिचं रोजचं खाणं भांड्यात न देता गवतात विखरून द्या, जुन्या कापडाच्या घड्यांत लपवून द्या. नाकाने काम केलेली कुत्री बहुधा शांत झोपते. सायकलमागे पळवून दमवू, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. तिची हाडं अजून पुरती भरलेली नाहीत, आणि रोज जास्त पळवलं तर आठवड्याने ती आणखी जास्त पळायला तयार होते.

कासऱ्यावर असतानाच हाकेचं शिक्षण नव्याने सुरू करा. "भिंगरी, ये" ही हाक सध्या बिघडली आहे. तिचा अर्थ तिच्यासाठी "मजा संपली" असा झाला आहे, आणि एकदा तर मारही बसला. नवा शब्द निवडा, लहान आणि आनंदाने म्हणता येईल असा. पहिले चार दिवस तो फक्त घरात म्हणा. शब्द उच्चारला की लगेच तिला सर्वांत आवडणारी गोष्ट द्या, उकडलेल्या कोंबडीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा चालेल. तिने काही करायची गरज नाही. मग दोन खोल्यांतून, मग अंगणात, मग रिकाम्या रानात. शब्द एकदाच म्हणायचा. ती आली नाही तर दुसऱ्यांदा ओरडायचं नाही, पाठ फिरवून उलट्या दिशेला भराभर चालू लागायचं, दोर हातात आहेच. आली की खाऊ द्यायचा आणि पुन्हा हुंगायला सोडायची. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात. दहा वेळा बोलावलं तर नऊ वेळा परत सोडा, मग येण्यात तोटा नाही हे तिला पटेल. जिथे ती येणार नाही याची तुम्हाला खात्री आहे, तिथे तो शब्द वापरूच नका.

खेळण्यासाठी चेंडू आणलात तर तांबडा आणू नका. कुत्र्याला निळा आणि पिवळा हे रंग वेगळे कळतात, तांबडा-हिरवा हा फरक नीट कळत नाही. वाळलेल्या गवतात पडलेला तांबडा चेंडू तिला मातकट दिसतो आणि ती शोधून शोधून कंटाळते. लोकांना वाटतं कुत्रीचं लक्ष नाही. निळा घ्या.

शेळ्यांशी ओळख सगळ्यात शेवटी, साधारण तीन आठवड्यांनी आणि काकांना विचारून. कळपापासून इतक्या लांब उभ्या राहा की तिला शेळ्या दिसतील पण ती खाऊही खाईल. खाऊकडे बघेनाशी झाली, कान ताठ करून अंग गोठवलं, की तुम्ही फार जवळ आहात. मागे सरा. बहुधा शंभर पावलांपासून सुरुवात करावी लागेल. शेळ्यांकडे बघून तिने मान तुमच्याकडे वळवली की तो क्षण पकडायचा, तिथे तुकडा द्यायचा. रोज दहा मिनिटं पुरे. कुणी तुम्हाला सांगेल की तिला गोठ्यात नेऊन शेळीसमोर चोप द्या, म्हणजे जन्माची अद्दल घडेल. तसं करू नका. शेळी दिसली की दुखतं एवढंच ती शिकेल, आणि दुखवणाऱ्या गोष्टीवर काही कुत्री आधीच तुटून पडायला लागतात. आणखी एक स्पष्ट सांगते. हे सगळं जमलं तरी शेळ्या आसपास असताना तिला मोकळी सोडण्याइतका भरवसा ठेवू नका. काही कुत्र्यांवर तो कधीच ठेवता येत नाही, आणि त्यात त्यांचा कमीपणा नाही.

दहाव्या महिन्यात ती पहिल्यांदा माजावर आली आहे का, की यायची आहे? पत्रात तसा उल्लेख नाही. पहिला माज साधारण सहा ते पंधरा महिन्यांच्या दरम्यान येतो, दोन ते तीन आठवडे टिकतो. त्याच्या आधी काही दिवस कुत्री घराबाहेर ओढ घेते, जागोजागी थोडं थोडं मुतते, हाक टाळते. तुम्ही वर्णन केलेल्यातलं काही त्यामुळेही असू शकेल. या काळात कासऱ्यावरसुद्धा एकटीने नेऊ नका, गावातले कुत्रे मागे लागतात. गर्भ राहिला तर साधारण ६३ दिवसांत पिल्लं, आणि सात-आठ पिल्लांना घरं शोधणं ही गावात सोपी गोष्ट नाही. नसबंदी कधी करायची ते डॉक्टरांशी बोलून ठरवा, पण ठरवा.

सुगीच्या दिवसांतले बाकीचे धोके झटपट सांगते, एक सोडून. तो एक म्हणजे कुसळं. वाळलेल्या गवताचं कुसळ बाणासारखं असतं, एका दिशेने आत सरकतं, मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यात, कानात, नाकात, डोळ्याच्या कोपऱ्यात शिरतं आणि आत आत जात राहतं. रानातून आल्यावर एकदम शिंकांवर शिंका, मान एका बाजूला कलती, पंजा सारखा चाटणं, यातलं काही दिसलं तर "बघू उद्या" म्हणू नका, त्याच दिवशी दाखवा. मी एका कुत्रीच्या पंजातून निघालेलं कुसळ पाहिलं आहे, ते शिरलं होतं बोटांत आणि निघालं घोट्याच्या वर. रोज घरी आल्यावर पाच मिनिटं तिच्या चारही पंजांवरून बोटं फिरवा. त्याच वेळी गोचिड बघून होते, कानामागे, काखेत, शेपटीखाली. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल नको, चटका नको. शिवाय तुमचा हात बिचकण्याऐवजी हवासा वाटायला हे पाच मिनिटांचं काम फार मदत करतं. प्रत्येक पंजामागे एक तुकडा द्या.

उंदीर थंडी पडायच्या आत घरात, गोठ्यात, गंजीत शिरतात, म्हणून गावभर त्यांच्यासाठी औषध ठेवलं जातं. शेजाऱ्यांना विचारा कुठे आणि कोणतं. ब्रोमॅडिओलोन, ब्रोडिफॅकूम यांसारखी औषधं रक्त गोठू देत नाहीत आणि त्यांची लक्षणं तीन ते पाच दिवसांनी दिसतात, म्हणून खाल्ल्याची नुसती शंका असली तरी पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा, वेळेत दिलं तर जीवनसत्त्व के-१ ने जीव वाचतो. झिंक फॉस्फाईड मात्र काही तासांतच घात करतं आणि त्यावर उतारा नाही. दाणे काढून टाकलेलं मक्याचं कणीस तिला चघळू देऊ नका, गिळलेला तुकडा आतड्यात अडकतो. झाडाखाली पडून आंबलेली फळं आणि ओलाव्यात उगवलेल्या अळंब्या यांपासूनही लांब.

रात्रीचं भुंकणं. गार, संथ रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते आणि त्यामुळे आवाज खाली वळून फार दूरवर पोहोचतो. उन्हाळ्यात जी मळणीची जागा तिला ऐकू येत नव्हती ती आता अंगणात असल्यासारखी ऐकू येते. रानडुकरं, कोल्हे, राखण करणारी माणसं, सगळं. ती आपलं काम चोख करते आहे असंच तिला वाटत असणार. रात्री तिला घरात घ्या. सासूबाईंना ते आवडणार नाही, तर दाराशी किंवा आतल्या बाजूला जाड बिछाना द्या, पण चार भिंतींच्या आत. झोपण्याआधी दहा मिनिटं कासऱ्यावर बाहेर नेऊन आणा, मग चघळायला काही द्या. पहिल्या भुंकण्याला आतून "काय गं" असं हळू आवाजात विचारा आणि जवळ बोलावा. ओरडू नका, तुम्ही ओरडलात की तिला वाटतं तुम्हीही भुंकायला सामील झालात. संध्याकाळच्या फेरीला चमकणारा पट्टा तिच्या गळ्यात आणि एक तुमच्या अंगावर हवाच. २२-२३ सप्टेंबरनंतर उत्तर गोलार्धात रात्र दिवसापेक्षा मोठी होत जाते आणि सुगीत धान्य भरलेल्या गाड्या अंधारातही रस्त्यावर असतात.

सासूबाईंबद्दल. गावात वैर नको, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि तुम्ही त्यांना तसं सांगा. काकांकडे जाताना त्यांनाही बरोबर घ्या. तुमच्या दोघांपेक्षा त्यांचा शब्द तिथे जड पडेल. देऊन टाकण्याबद्दल मात्र मी त्यांच्याशी सहमत नाही. वयात आलेली, शेळ्यांमागे लागलेली कुत्री घेणारं घर बहुतेक वेळा तिला साखळीलाच बांधतं, आणि तिथे तिच्यासाठी अंगणात जमिनीवर बसणारं कुणी नसतं. त्यांना एक काम द्या. भिंगरीचं रात्रीचं खाणं त्यांच्या हातून गवतात विखरून होऊ दे. त्या कुत्र्यांना घाबरत असतील तर खिडकीतून टाकलं तरी चालेल.

बाराव्या-तेराव्या महिन्यात नव्या शब्दाला ती दहापैकी दहा वेळा वळू लागली की कासरा हातातून सोडून जमिनीवर फरपटत राहू द्या, आठवडाभर तसाच. मग एखाद्या सकाळी, चारी बाजूंनी कुंपण असलेल्या रिकाम्या शेतात, मालकाला विचारून, तो काढा. आणि त्या सकाळी निघण्याआधी काकांना हाक मारून विचारा की शेळ्या आज कुठल्या अंगाला आहेत.